उघडं परमिट

डॉक्टर म्हणाले, तुम्ही तर लाईनमन,
पटकन समजेल तुम्हाला:
बाराव्या मणक्याशी केबल तुटली आहे,
वरचा सप्लाय खाली पोचत नाही.
मी मान हलवली. भला माणूस, रात्रभर जागलेला.
पण तुटलेली केबल मी जोडतो, साहेब,
चिखलात उकिडवा बसून, दातांत टॉर्च धरून,
आणि मग अख्ख्या सुदामानगरातली पोरं
‘आ गई’ म्हणून ओरडतात.

एक वर्ष सात महिन्यांनी आज कामावर.
शैला चारला उठली, मी साडेतीनला.
नळी, पिशवी,
मोज्यात बोटं दुमडली तर नाहीत ना
हे डोळ्यांनी बघायचं, ती स्वतः सांगत नाहीत.
बसलेल्या माणसाच्या पॅन्टची इस्त्री कुणाला दिसते?
तरी तिनं केली. कडक.

ऑफिसचा रॅम्प नवा, सिमेंट अजून हिरवट,
आणि इतका उभा, की चढताना बेल्ट लावावा.
रईस आणि चौकसेनं ढकललं. हार. फोटो.
पोहे-जलेबी आली. सगळे उभ्यानं खात होते,
मला त्यांच्या पट्ट्यांची बकलं दिसत होती.

अंगठ्याचं मशीन भिंतीवर, उभ्या माणसाच्या छातीशी.
हात पोचला, अंगठा नीट टेकेना.
‘भिया, मैं उठा दूँ?’ चौकसे म्हणाला.
खरंच उचललं असतं त्यानं, रोज, निवृत्त होईपर्यंत.
मी म्हणालो, पेचकस दे.
वरचे दोन स्क्रू त्यानं काढले, खालचे मी.
दीड फूट खाली आणलं.
जुन्या जागी चार भोकं राहिली.
आता हजेरी लावायला मोठे साहेब वाकतात.
मला त्यात मजा आली, लपवत नाही.

दुपारी बुंदेलानं जुनं रजिस्टर समोर ठेवलं,
नजर खिडकीबाहेर.
पान एकशे बारा. जंपर बदलणे.
परमिट घेणार: म. शिंत्रे. वेळ: चार दहा.
परत केल्याची वेळ: कोरी.
खांबावरून मी खाली आलो होतो खरा,
पण सही करण्यासारखा नाही.
‘ऑडिटवाले हर बार पूछते हैं, भिया.’
म्हणजे कागदावर अजून मी वरच,
हात क्लॅम्पवर,
आणि कुणाच्या तरी दुकानातला जनरेटर
मेलेल्या तारेत उलटा करंट सोडतोय.
भिंतीवरचं घड्याळ बघून तीन चाळीस लिहिलं. तारीख आजची.
खाली छापील ओळ:
‘सभी आदमी एवं औज़ार लाइन से हटा लिए गए हैं.’
‘सभी’पाशी पेन जरा थांबलं.
मग सही केली, पूर्वीसारखीच, शेवटचा काना लांब ओढून.

दर वीस मिनिटांनी हातांवर अंग उचलतो,
कातडी वाचवायला.
बघणाऱ्याला वाटतं, उठतोय.

सव्वासहाला फोन. लोकमान्यनगर, तिसरी गल्ली, अंधार.
मला नकाशा लागत नाही.
पिठाच्या गिरणीमागचा खांब,
जरा पूर्वेला कललेला,
दुसऱ्या आडव्या पट्टीवर मधमाश्यांचं वाळकं पोळं.
पोरगा नवा, धर्मेश. फोनमध्ये त्याचा श्वास.
‘बेल्ट?’
‘लगाया, दादा.’
‘गल्लीतले जनरेटर बंद करवलेस?’
गप्प.
‘उतर. आधी दारं ठोठाव.’
कुरकुरत उतरला. सात घरं, एक डेअरी. पुन्हा चढला.
मी दोन्ही चाकं गच्च धरून बसलो होतो,
हे रईसनं पाण्याचा पेला पुढे केला तेव्हा कळलं.

फोनमधून पोरांचा गलका आला, ‘आ गई, आ गई.’
धर्मेश हसला, दादा, सुना?
ऐकलं, म्हणालो. ते राहू दे.
जमिनीवर पाय टेकले की सांग.